तळाचा आकडा

आमच्या कंपनीत एक खोली अशी आहे की तिथे मोठ्याने बोललेलं चालत नाही, चहा नेलेला चालत नाही, आणि दोघांपेक्षा जास्त माणसं आत गेलेली तर मुळीच चालत नाहीत. नियम माझ्या नवऱ्याने केला आणि माझ्या नणंदेने तो आमच्या डोक्यावर बसवला. माणसाच्या अंगाची ऊब खोलीला लागते, खोलीची ऊब टाकीला लागते आणि टाकीतलं पाणी बिघडतं, असं त्या दोघा भावाबहिणीचं म्हणणं. लग्न होऊन नवी नवी आले होते तेव्हा मला हसू आवरेना. पाणी काय दूध आहे नासायला, असं मी म्हणालेही. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

पण पाणी खरंच बिघडतं. आम्ही समुद्राची मोजमापं घेणारे सेन्सर बनवतो. दोन बोटं जाडीच्या, हातभर लांबीच्या धातूच्या नळ्या. त्या दोराला ओळीने बांधून साखळी करतात, जहाजावरून खोल पाण्यात सोडतात, आणि मग पाणी किती गार, किती खारट हे त्या वर्षानुवर्षं सांगत बसतात. खोल समुद्र भारी हट्टी असतो. वर्षभरात अंशाच्या हजाराव्या भागाने हलला तरी जगातले शहाणे लोक जागे होतात. म्हणजे आमच्या नळीला चुकायला तेवढीही जागा नाही.

त्यासाठी ती टाकी. खारं पाणी भरलेली, जाड झाकणाची, आत पंखा सतत फिरत असलेली. मधोमध एक जुना थर्मामीटर उभा असतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांभोवती गोल करून नवे सेन्सर टांगायचे, पाणी पायरीपायरीने गार करत आणायचं, प्रत्येक पायरीला ते निवांत होईपर्यंत तासन् तास थांबायचं आणि मास्तर काय म्हणतात नि पोरं काय म्हणतात ते ताडून बघायचं. सगळ्यात खालची पायरी दोन अंशांची, खोल तळाची. जे मास्तरांशी जुळतील ते पास. त्यांच्यावर वन्संची सही. ती सही नसेल तर आमच्याकडून साधा स्क्रूसुद्धा बाहेर पडत नाही.

वन्संना खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही, त्याचा त्रास आम्ही सगळ्यांनी भोगलाय. घरात नवे पडदे लावले तेव्हा सगळे छान छान म्हणत होते आणि ह्या म्हणाल्या, "डावा अर्धा इंच वर गेलाय." लग्न केलं नाही. बघायला आलेल्या एकाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं म्हणे, की तुम्ही बोलता फार. मी त्यांना चिडवायचे की तुमचं लग्न त्या टाकीशी लागलंय, आणि त्या गंभीरपणे म्हणायच्या की टाकी निदान घोरत नाही. मी स्वतः त्या खोलीच्या वाटेला फारशी जात नसे. मी पॅकिंग बघते, फोन बघते आणि पगाराच्या दिवशी लोकांची तोंडं बघते.

आणि आमचा लेक जहाजावर जायचा. एकुलता एक. सेन्सर पाण्यात सोडताना कंपनीचं माणूस हजर लागतं, ते काम त्याचं. सगळे त्याला खलाशी म्हणायचे. लहानपणी बसमध्ये बसलं की उलटी करणारं पोर, मी पिशवी हातात धरूनच प्रवास करायचे, आणि तो मोठा होऊन समुद्रावर गेला. ह्यांनी एकदाच विरोध केला होता. तो म्हणाला, बाबा, तुम्ही बनवता तरी कशासाठी, कोणीतरी नेऊन ठेवायला नको का. त्यावर हे हसले. बापलेकांचं असं लवकर जुळायचं, मी एकटी भांडत राहायचे.

गेल्या वर्षी तो असाच एक साखळी घेऊन गेला. लांब, फार खोल पाण्यात ती सोडायची होती. हवा चांगली होती, समुद्र शांत होता, हे कप्तानाने फोनवर तीनतीनदा सांगितलं, त्याने जसं काही मला बरं वाटणार होतं. शेवटचं वजन पाण्यात गेलं, दोर भराभर सुटायला लागला आणि आमचं पोर दोराच्या नको त्या बाजूला उभं होतं. ओरडायलाही वेळ मिळाला नाही म्हणे. त्यांनी शोधलं, खूप शोधलं असं कळवलं. मिळाला नाही.

साखळी मात्र नीट तळाला जाऊन बसली. त्याने बांधलेली एकेक गाठ टिकली. साखळीतल्या सगळ्यात खालच्या सेन्सरचा आकडा रोज आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येऊ लागला. दोन अंशांच्या जरासा वर.

हे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जायला लागले. मी मागून पोचायचे तेव्हा ते खुर्चीत बसलेले असायचे आणि मला म्हणायचे, "आज तेवढंच आहे." पोराच्या कपाळाला हात लावून, ताप वाढला नाही ना ते बघून यावं, तसं. मला संताप यायचा. एकदा मी म्हणाले, अहो, त्याला आता काय गार नि काय गरम. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हणाले, आज तेवढंच आहे. मग मी बोलायचं सोडलं. धरायला माणसाला काहीतरी लागतं. मी त्याचं कपाट धरून बसले होते, एक शर्टसुद्धा कोणाला देऊ दिला नव्हता. ह्यांनी तो आकडा धरला.

आणि आकड्यावर त्यांचा विश्वास आंधळा नव्हता, हेही खरं. त्या सेन्सरवर वन्संची सही होती. "धाकटीने पास केलाय," ते म्हणायचे. "म्हणजे तो आहे तिथे एवढंच गार आहे. कमी नाही नि जास्त नाही." मुलाबद्दल बाकी सगळं ऐकीव होतं. कप्तान म्हणाला, जहाजावरचे लोक म्हणाले, बहुधा असं झालं असेल. हे एकच खात्रीचं होतं.

यंदा त्याच लोकांनी दुसरी साखळी मागवली. पहिलीच्या शेजारी सोडायची. बारा सेन्सर. कंपनीचं माणूस बरोबर हवं हे आलंच, आणि हे म्हणाले, मी जातो.

हा माणूस झोपाळ्यावर बसला तरी त्याला गरगरतं. पण कारण तयार होतं, दुसरं कोण आहे आपल्याकडे. वन्संनाही ते पटलं. मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मग मी बघायला लागले. लेथवाल्या काकांना शेजारी बसवून ह्यांनी मास्तरांची निगा कशी राखायची ते शिकवलं. इतकी वर्षं मास्तरांना वन्संखेरीज कोणाला हात लावू दिला नव्हता. घरातल्या नळाची गळती, दाराची कुरकुर, सगळी उरलीसुरली कामं एका आठवड्यात काढली. मग दाताच्या डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. ह्यांची दाढ कोरून अर्धवट ठेवली होती, पुढच्या भेटीला हे गेलेच नाहीत, आणि त्यांनी फोन केला तर नको म्हणाले. दाढ ठणकत असणार, असं त्या म्हणाल्या. ठणकत होतीच. एका बाजूने जेवताना मी बघत होते.

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "राहू दे गं. आता कशाला."

आल्यावर बघू, एवढं म्हणाले असते तरी मी गप्प बसले असते. पण आल्यावर हा शब्द त्या सबंध महिन्यात त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही. मी कान लावून होते. कॅलेंडरवर जहाज सुटायच्या तारखेला त्यांनी गोल केला होता आणि त्यापुढच्या कुठल्याच दिवसाबद्दल ते बोलत नव्हते.

इकडे त्या बारा सेन्सरांनी वन्संच्या नाकी नऊ आणले होते. वरच्या सगळ्या पायऱ्यांना शहाण्या पोरांसारखे वागायचे आणि दोन अंशांना आले की दाराकडच्या बाजूचे चार सेन्सर बिघडायचे. आलेखाची रेघ सपाट जाता जाता मध्येच टेंगूळ आल्यासारखी वर उठायची आणि हळूहळू खाली बसायची. वन्संनी पंखा तपासला, पाणी बदललं, सेन्सरांच्या जागा बदलल्या. जागा बदलल्या तर दाराकडे नवे आलेले चार बिघडले. त्यांचं जेवण तुटलं. मास्तरच म्हातारे झाले की काय, असं एकदा माझ्यापाशी बोलल्या, आणि तसं बोलताना त्यांचा चेहरा घरातलं कोणी आजारी पडल्यासारखा झाला होता.

एका दुपारी मी ह्यांना जेवायला बोलवायला गेले. पाणी निवायला ठेवून वन्सं बाहेर गेल्या होत्या, त्या वेळेला कोणी तिकडे फिरकत नाही. टाकीच्या खोलीच्या दाराला छोटी काच आहे. मी आत बघितलं. ह्यांनी झाकणाची दाराकडची फळी उचलली होती, बाही दुमडली होती आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता. डोळे मिटलेले. दोन अंशांचं पाणी, त्यात माणसाला क्षणभर हात ठेववत नाही. ते ठेवून उभे होते. कोपरापाशी हात लालबुंद झाला होता आणि चेहरा वर्षभरात मी पाहिला नव्हता इतका शांत होता. मी दार उघडलं नाही. जेवणाचं ताट झाकून ठेवलं आणि वन्संची वाट बघत बसले.

वन्संना सांगितलं तेव्हा आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. खाली बसल्या आणि हसल्याच. म्हणजे मास्तर ठीक आहेत, सेन्सर ठीक आहेत, सगळे बाराच्या बारा उत्तम आहेत, बिघडलंय ते दादाच्या हाताच्या उबेमुळे. हे सगळं बोलून झाल्यावर त्यांना कळलं की दादा तिथे हात का घालत होता. मग त्या हसायच्या थांबल्या.

"वन्सं, ते सेन्सर नापास करा," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मला समजलं नाही. "अहो वहिनी, ते चांगले आहेत. तेच तर सांगतेय."

"चांगले आहेत म्हणूनच म्हणतेय. ते गेले की हे जाणार. आणि हे परत येणार नाहीत."

मी दाढेचं सांगितलं. लेथवाल्या काकांचं त्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते माझ्यासारखं लावलं नव्हतं.

"मी आजवर एक आकडा खोटा दिलेला नाही, वहिनी."

"माहीत आहे. म्हणून तर तुमचा आकडा कोणी पुन्हा तपासणार नाही."

त्या उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, दादाशी बोला, डॉक्टरांकडे न्या, हे असलं मला सांगू नका. दोन्ही माझं करून झालं होतं. बोलले तर म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी न घेता खणात साठवून ठेवल्या होत्या आणि मी त्या कचऱ्यात टाकल्या होत्या.

जहाज सुटायला आठवडा उरला होता. मी पॅकिंगच्या टेबलापाशी बारा सेन्सरांसाठी फोम कापत होते, कारण काम तर करायलाच हवं होतं. वन्सं आत आल्या. मग म्हणाल्या, "दादा आत्ता कप्तानाशी बोलत होता. आपलं पोर कुठल्या बाजूला उभं होतं ते विचारत होता. कठडा तिथे केवढा उंच आहे ते विचारत होता."

मी कात्री खाली ठेवली.

"आणि शेवटचं वजन सोडताना मला तिथेच उभं राहायला मिळेल ना, असं म्हणाला."

त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलला आणि जहाजाच्या ऑफिसचा नंबर फिरवला. बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच बोलल्या. "बॅच नापास झाली आहे. तळाच्या पायरीला चूक येतेय. सेन्सर बाद आहेत, पाठवता येणार नाहीत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, मी स्वतः तपासलेत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग कापलेल्या फोमचे तुकडे गोळा करून त्यांनी पिशवीत भरले, जे काम त्यांचं नव्हतं.

जहाज आमच्या साखळीशिवाय सुटलं. त्या दिवशी हे घरी आले आणि बूटही न काढता बसून राहिले. मला आनंद झाला. सरळच सांगते, एवढा आनंद वर्षभरात झाला नव्हता. मी त्यांचे बूट काढले, तेही मी लग्नानंतर कधी केलं नव्हतं, आणि त्यांनी काढू दिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नापास बॅचचा आलेख मागवला. मागवणारच होते, स्वतःच्या हातचा माल बाद झाला तर का झाला हे बघितल्याशिवाय त्यांना राहवलं नसतं. माझी कल्पना होती की एवढे दिवस गेले, आता काही बिघडत नाही. ह्यांनी वन्संना मारलेली हाक ऐकून मी गेले तर ते दोघं टाकीच्या खोलीत होते. आत दोन माणसं होती म्हणून मी दारातच थांबले. अशा वेळीसुद्धा मी दारात थांबले, इतकी सवय लागलीय आम्हाला.

ह्यांच्या हातात कागद होता. त्या टेंगळावर बोट ठेवून ते म्हणाले, "धाकटे, हा माझा हात आहे."

वन्संनी कागदाकडे पाहिलंच नाही.

"तुला कळलं नाही?"

"कळलं होतं, दादा."

"कधी?"

"नापास करायच्या आधी."

मी दारातून म्हणाले, माझ्या सांगण्यावरून केलंय त्यांनी, तुम्ही मरायला निघाला होतात म्हणून केलंय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते रागावतील, कागद फाडतील, मग रडतील, असं मी धरून चालले होते. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मरायला निघालो नव्हतो, असंही ते म्हणाले नाहीत. ते नुसता कागद बघत राहिले.

मग अगदी हळू, अडखळत, त्यांनी बहिणीला विचारलं, "तो खालचा... त्याच्याजवळचा. तो तरी खरा पास केला होतास का?"

"खरा होता, दादा," वन्सं म्हणाल्या. "तुझी शपथ, खरा होता."

"हो का," हे म्हणाले. कलिंगड गोडच निघेल असं सांगणाऱ्या फळवाल्याला आपण म्हणतो, तसं. मग कागदाची नीट घडी करून त्यांनी तो टाकीवर ठेवला आणि बाहेर आले. मी बाजूला झाले.

त्यानंतर ते सकाळी लवकर जायचे थांबले. माझ्याबरोबरच निघतात, माझ्याबरोबरच पोचतात. आकडा अजून येतो, पण ते तिकडे बघत नाहीत. पाण्यातही हात घालत नाहीत. जेवतात, झोपतात, कोणी काही विचारलं तर उत्तर देतात, आणि कुठलीही गोष्ट सांगितली, बाहेर ऊन आहे, पाहुणे येणारेत, की त्यांचं तेच ऐकायला येतं, हो का. वर्षभर तो आकडा ऐकून माझं डोकं उठायचं. आता गाडीतून जाताना मी वाट बघते की हे म्हणतील, तेवढंच आहे. म्हणत नाहीत.

पण जिवंत आहेत. माझ्यासमोर बसून दोन्ही बाजूंनी जेवतात. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी वन्संना पुन्हा तेच सांगेन, यात मला तिळमात्र शंका नाही.

परवा वन्सं एक सेन्सर पॅकिंगला घेऊन आल्या. सही केलेला, पास झालेला. अलीकडे त्या स्वतः आणून देतात, दोन शब्द बोलतात, माझ्यापाशी जरा टेकतात. एकमेकींखेरीज आम्हाला तरी कोण आहे. मी पुठ्ठ्याचं खोकं जोडत होते. मला त्या आकड्याचं कधीच काही नव्हतं, मी ते आधीच सांगितलंय. तरी माझ्या तोंडून निघून गेलं.

"वन्सं, तो तळाचा खरा होता ना?"

"खरा होता," त्या म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या.

त्याच टेबलापाशी उभं राहून सेन्सर बाद आहेत म्हणून त्यांनी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं. दोन्ही वेळेला आवाज सारखाच होता.